खजिनदाराची परदेशवारी

आयुष्यात मी दोनच संस्थांचा खजिनदार झालो. पहिली म्हणजे परळच्या आमच्या चाळीचे गणेशोत्सव मंडळ. दुसऱ्या संस्थेला नाव नव्हते. पण सभासद चार, भांडवल माणशी ४५ हजार रुपये आणि उद्देश ‘परदेशी समुद्रकिनारी जाऊन एक रात्र जागणे’ असा स्पष्ट होता.

उद्देश अंत्याचा. अंत्याने टेलिफोन खात्यात बहुतेक नोकरी रात्रपाळीत काढली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून एका संध्याकाळी तो म्हणाला, “आजवर मी पगार घेऊन जागलो. मरायच्या आधी एकदा पदरचे पैसे देऊन जागायचंय.” हे मागणे इतके रास्त होते की विन्या आणि सुध्या यांनी तिथल्या तिथे हात वर केले. साठी उलटलेल्या माणसांनी असे पटकन हात वर करू नयेत, खांदा लचकतो, सुध्याचा लचकलाच. पण ठराव पास झाला.

खजिनदार म्हणून माझे नावही अंत्यानेच सुचवले. “हा पावती बरोबर फाडतो,” एवढीच शिफारस त्याने केली. ४५ हजार ही मर्यादा मात्र मी घातली, आणि तिचे कारण सभेपुढे ठेवले नाही. वाचकांपुढे ठेवायला हरकत नाही. ज्या छापखान्यात मी हिशेब लिहीत होतो तो २०२० साली बंद पडला. तेव्हापासून दोन दुकानांच्या वह्या लिहून मी घर चालवतो आहे. विन्या बँकेतून निवृत्त झालेला, सुध्याचा मुलगा परदेशी. त्यांना ४५ काय आणि ९० काय! पण मी आकडा सांगितला आणि तिघांनीही तो जराही घासाघीस न करता मान्य केला. मला तेव्हा वाटले, माझ्या बोलण्यात अधिकार आहे.

गोव्याला का नाही, हा प्रश्न घराघरांतून आला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गोव्याला माणूस जाऊन येतो. परदेशी ‘जायचे’ असते, आणि जाण्याआधी तीन महिने त्याची चर्चा करता येते. त्यातून १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसा माफ केला. फुकट म्हटल्यावर सुध्याने नकाशा आणला. मुंबईहून विमानाने साडेचार तास, बँकॉकपासून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर, आणि तिथे समुद्र व रात्र हे दोन्ही माल एकाच दुकानात मिळतात असे एकच गाव निघाले. पट्टाया.

हे नाव घरी कसे उच्चारायचे यावर एक संपूर्ण बैठक खर्ची पडली. विन्याने ‘बँकॉकच्या बाजूला’ असे सांगितले. अंत्याने ‘तिकडे एक बेट आहे’ म्हणून वेळ मारून नेली. बेट आहे हे खरेच होते. मी भित्रा, म्हणून खरे सांगून टाकले. आमची ही भाजी निवडत होती, तिने मानही वर केली नाही. “अहो, ज्यांना काही करायचं असतं ते पट्टाया असं घरी सांगत नाहीत. जा खुशाल. गुडघ्याचं तेल तेवढं न्या.” एखाद्याच्या चारित्र्यावर याहून मोठा अविश्वास कोणी दाखवला असेल असे मला वाटत नाही.

मग मी वही घातली. दोनशे पानी, डावीकडे रुपये, उजवीकडे बाथ. त्या वेळी एक बाथ साधारण दोन रुपये पस्तीस पैशांना पडत होता, आणि चौघेही उठता-बसता तोंडी गुणाकार करू लागलो. विमानतळावरून मोटार केली तर हजारावर बाथ. तळमजल्यावरून सुटणारी बस धरली तर माणशी दीडशेच्या आत. बस. पट्टायात रिक्षाऐवजी मागे दोन बाकडी टाकलेली उघडी टेम्पोगाडी असते. तिला ‘सोंगथेव’ म्हणतात, म्हणजे दोन रांगा. ठरलेल्या रस्त्यावर कुठेही चढा, कुठेही उतरा, तेव्हा दहा बाथ पडत. उतरायचे असले की छताचे बटण दाबायचे आणि पैसे खाली उतरून द्यायचे. आधी भाव विचारलात तर तो तुम्हाला नवखे समजतो आणि भाव सांगतो. ही सगळी माहिती माझ्या भाच्याने पुरवली. तो दोनदा जाऊन आला होता. कशासाठी, हे त्याला त्याच्या आईसमोर विचारता आले नाही.

त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितले, “मामा, एक लक्षात ठेवा. तिकडच्या बारमध्ये वर एक घंटा टांगलेली असते. तिला हात लावायचा नाही.”

“का? अपवित्र होते?”

“ज्यानं वाजवली त्यानं बारमधल्या झाडून सगळ्यांना एकेक पेला पाजायचा, असा रिवाज आहे.”

माझ्या छातीत धस्स झाले. घंटा दिसली की हात वर जातो, ही आपल्या सबंध समाजाची सवय. चार मराठी माणसे एखाद्या दारात शिरतात, वर घंटा आहे, आणि चौघेही भक्तिभावाने एकेक टोला देतात, हे चित्र मला रात्री झोपेत दिसू लागले. वहीच्या पहिल्या पानावर मी तांबड्या शाईने लिहिले, ‘घंटा वाजवू नये.’ प्रत्येकाकडून त्याखाली सही घेतली.

शनिवारचाही एक प्रश्न उपस्थित झाला. विमानाची स्वस्त तिकिटे निघाली गुरुवार २२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीची, परत सोमवारची. शुक्रवारी प्रवासाचा शीण, रविवारी परतीची धास्ती. तेव्हा जागरणाची मुख्य रात्र शनिवार २४ तारखेची ठरली. पण सुध्याचा शनिवारी मारुतीचा उपास. त्याने दोन दिवस विचार केला आणि सांगितले, की तिकडचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, तेव्हा तिकडे बारा वाजले की शनिवार संपला. इथले साडेदहा मारुती काही पाहायला येत नाही. बाराला बसू, पहाटे चारला उठू. सगळे बसले. राहण्याचे विन्याने आपल्याकडे घेतले. जोमतिएनच्या किनाऱ्याजवळ, खोलीला ८०० बाथ रोज, दोन खोल्या, तीन रात्री. वहीत ४,८०० मांडले. तिथले फोटो पाहून इतक्या स्वस्तात हे कसे, असे मला वाटलेही. “फेब्रुवारी आहे ना,” विन्या म्हणाला. वास्तविक नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिथला कोरडा, गर्दीचा हंगाम. हे मला ठाऊक होते. पण स्वस्ताईवर शंका घेणे खजिनदाराच्या रक्तात नसते.

प्रवासाचे फार सांगत नाही. शुक्रवारी बसमधून उतरलो, समुद्र पाहिला, संध्याकाळी ‘उद्यासाठी थोडं पडू’ म्हणून आडवे झालो ते सकाळी उठलो. शनिवारी बाली हाय धक्क्यावरून माणशी तीस बाथ देऊन कोह लान बेटावर गेलो. पाऊण तासाची होडी. पाणी इतके निवळ की पायाची बोटे मोजता यावीत. अंत्याने ती मोजली आणि दहा भरल्यावर समाधानाने तिथेच बसून राहिला. लहानपणी तो आमच्याबरोबर दादरच्या चौपाटीवर यायचा तेव्हाही असाच पाण्यात पाय घालून गप्प बसे. त्याचे वडील गिरणीत होते.

संध्याकाळी परतलो, आंघोळी केल्या, सुध्याने अत्तर लावले. बाहेर पडलो तर रस्ता शांत. बारच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात शीतपेटीच्या एका भागावर कापड ओढलेले. मी दुकानातल्या मुलीला खुणेने विचारले. तिने हात जोडले आणि म्हणाली, “मखा बुचा.”

मखा म्हणजे माघ, बुचा म्हणजे पूजा. माघी पौर्णिमा! भगवान बुद्धांपुढे १२५० भिक्षू कोणी न बोलावता एकत्र जमले, त्या दिवसाचे हे स्मरण. त्या दिवशी थायलंडात तेव्हा दारू विकत नसत. तीन महिने मी विमानांचे दर, बाथचे दर, हवामान पाहिले. घरच्या भिंतीवरचे कालनिर्णय तेवढे पाहिले नाही. सुध्या मला काही बोलला नाही. तो अत्तराचा वास घेत उभा होता. “मारुती आला बरं का इथवर,” एवढेच म्हणाला.

तिथे देवळाला ‘वाट’ म्हणतात. “आपली वाट लागलीच आहे, तर बघून तरी येऊ,” म्हणून तिघे निघाले. माणसे हातात फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती घेऊन देवळाला तीन प्रदक्षिणा घालत होती, असे त्यांनी नंतर सांगितले. माझा गुडघा दुखत होता, मी थांबलो. मोकळा खजिनदार दुसरे काय करणार? वही काढली. खोल्यांचे बिल रात्रीच चुकते करून टाकावे म्हणून खाली गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितले, पैसे आधीच भरलेत. आणि मागितला नसताना छापील कागद हातात ठेवला.

खोलीला रोज १,५०० बाथ. एकूण ९,०००.

मी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटून पाहिला. वहीत ४,८०० होते. मधले ४,२०० कोणी भरले आणि वहीत का आले नाहीत, हे कळायला मला क्षणही लागला नाही. कारण ही युक्ती माझीच होती. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. त्या वर्षी चाळीत गणपतीची वर्गणी घरटी २१ रुपये होती. अंत्याच्या वडिलांनी दारात उभे राहून पाच रुपये माझ्या हातावर ठेवले आणि मान फिरवली. मी पावती २१ ची फाडली. मंडळाच्या फलकावर नावे लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे २१ होते. वरचे सोळा आम्ही काही पोरांनी मिळून भरले. ही गोष्ट कोणाला कळली नाही असे मी एकेचाळीस वर्षे समजत होतो.

विमानाच्या तिकिटांचे काय केले असेल, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. करवला नाही. राग आला होता हे कबूल करतो. आपण ज्याला अधिकार समजत होतो ती लोकांनी केलेली सोय होती, हे साठीत कळायला नको होते. कागदाची घडी घालून वहीत ठेवली. तिघे परतले तेव्हा मी झोपेचे सोंग घेतले होते.

रविवारी रात्री मात्र गाव जागे झाले. आम्ही त्या प्रसिद्ध वॉकिंग स्ट्रीटवर गेलो. संध्याकाळनंतर तिथे वाहने बंद. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन शिपाई सुटीत इथे येऊ लागले आणि कोळ्यांच्या या गावाचे असे झाले. दिवे इतके की आकाश दिसेना, आणि दोन्ही बाजूंनी दोन वेगळी गाणी दोन कानांत. वीस मिनिटांत सुध्याने कानात कापूस घातला. मग चौघे सोंगथेवमध्ये बसून जोमतिएनला परतलो. हॉटेलामागच्या गल्लीत एका बाईचा छोटा उघडा बार होता. आमच्याच वयाचे चार गोरे आजोबा आपापल्या पेल्यापुढे गप्प बसले होते. हुबेहूब शिवाजी पार्कचा कट्टा. अंत्याचा चेहरा खुलला. इथे त्याची रात्र जाणार होती.

एक वाजला, दीड वाजला. अंत्या ताजातवाना. चाळीतले सगळे किस्से निघाले. गणपतीच्या वर्गणीचेही निघाले, आणि अंत्या नेमका तेव्हा दुसरीकडे पाहू लागला.

४,२०० भागिले चार, म्हणजे माझ्या वाट्याचे १,०५०. ते मी सकाळीच वेगळे काढून वरच्या खिशात ठेवले होते. कसे द्यायचे ते सुचत नव्हते. हातात दिले तर विन्या घेणार नाही. वर तिघांचेही तोंड कडू. मी मान वर केली. काउंटरवर पितळेची घंटा होती, दोरीला तांबडा गोंडा.

मी आधी डोकी मोजली. आम्ही चार, आजोबा चार, मालकीणबाई आणि तिच्या दोन मदतनीस. अकरा. पेला ९० बाथचा. ९९०. उठलो आणि दोरी ओढली.

पितळेचा आवाज गल्लीभर गेला. चारही आजोबा एकदम सरळ होऊन बसले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी पेले उंचावले. सुध्या ओरडला, “अरे, सही केली आहेस तू! पहिल्या पानावर!”

विन्या ओरडला नाही. मी खिशातून काढलेल्या नोटांकडे तो पाहत होता. बँकेतला माणूस, लांबूनही रक्कम कळते.

“खजिनदार,” तो हळू म्हणाला, “हे कोणत्या खात्यात घालणार?”

“वर्गणी,” मी म्हणालो.

अंत्याने पेला खाली ठेवला.

“पावती फाड,” तो म्हणाला.