वीणेचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. सात दिवसांचे तास 168. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे होतात. सगळे मीच करीन म्हणणारा माणूस कितीही भाविक असला तरी दुसऱ्या रात्री कोसळेल. म्हणून सप्ताह बसण्याआधी पहारेकऱ्यांची यादी होते. आपली वेळ संपली की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचे आणि घरी जाऊन निजायचे. निजलेल्याला कोणी अभक्त म्हणत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या सप्ताहाचे काम पाहणारा तरुण माझ्याकडे आला. वर्गणी, मंडप, आचारी, पंगतींचे यजमान, कीर्तनकारांच्या तारखा, सगळे त्याच्या एका वहीत. घरी वडिलांना अर्धांगवायू. शेतात कांद्याची लागण, गव्हाला पाणी, तेही रात्रीच्या लाइटीवर. म्हणाला, "महाराज, सकाळी उठलो की सगळं एकदम अंगावर येतं. कशालाच हात लागत नाही. यंदा सप्ताह राहू द्यावा का?"

त्याला आळशी म्हणणे पाप होईल. मी ही अवस्था ओळखतो. सप्ताहांच्या दिवसांत सकाळी एका गावी काल्याचे कीर्तन आणि रात्री दुसऱ्या गावी उभे राहणे, असे मी वर्षानुवर्षे केले. शरीर सोसत असे. पण निरूपणासाठी अभंग घ्यावा आणि चित्त पुढच्या गावच्या एस.टी.त जाऊन बसावे, हे फार दमवी. काम करणाऱ्याला थकवा येतो तो झोपेने जातो. न केलेली कामे डोक्यात वाहणाऱ्याला झोपच येत नाही.

आपण पुंडलिकाची कथा मातृपितृभक्तीसाठी सांगतो, ते योग्यच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. देव दारात उभा, म्हणजे याहून मोठे काम कोणते? तरी त्याने हातातली सेवा सोडली नाही. वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. देवाला थांबवता येते, तर मंडपवाल्याला का येऊ नये!

मी त्याची वही मागितली. देताना त्याचा हात अडखळला. "दुसऱ्यानं केलं की बिघडतं, महाराज." म्हटले, "बिघडू दे. नवखा वीणेकरी तालाला चुकतो, म्हणून त्याच्या गळ्यात वीणा घालायची नाही का?" मग नावे घातली. वर्गणी दोघांकडे, पंगती महिला भजनी मंडळाकडे. कीर्तनकारांना फोन करायचे माझ्याकडे आले. गुडघे गेले तरी जीभ शाबूत आहे. वडिलांचे अंथरूण मात्र वाटून देता येत नव्हते. ते त्याचेच, आणि तो पहारा सप्ताहाच्या पहाऱ्याहून लांबचा.

सप्ताह बसला. तिसऱ्या दिवशी आमटी अळणी झाली, लोक हसत जेवले. तो रात्रीच्या कीर्तनाला नव्हता; त्या वेळी वडिलांना भरवत होता. पहाटे दोनच्या पहाऱ्याला आला, चारला वीणा दिली. काकड्याला बसण्याआधी मी विचारले, "वही कुठाय?"

"घरी आहे, महाराज," म्हणाला, "उशाखाली."