चुलीची चव

‘घरोघरीं मातीच्याच चुली’ ही म्हण आमच्या घरीं दिवसांतून एकदां तरी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघते. परंतु कामोठ्यांतील आमच्या इमारतींत शोधूं गेल्यास मातीची चूल एकही सांपडावयाची नाहीं. कोणाकडे गॅस नळानें येतो, कोणाकडे टाकींतून; आणि फुंकणी म्हणजे काय, हें मुलांना हातवारे करून समजावून सांगावें लागतें.

या नसलेल्या चुलीवरून आमच्या घरांत एक जुना वाद आहे. गॅसवरच्या भाकरीला चव नाहीं आणि आमटीला वास नाहीं, ही मामंजींची नित्याची तक्रार. ती सर्वस्वीं खोटी आहे असें मला वाटत नाहीं. मातीच्या चुलीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असे. माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळून ती घालीत. तुसामुळें माती वाळतांना फारशी तडकत नसे. मुख्य तोंडावर भात शिजे, तोच जाळ आंतल्या वाटेनें शेजारच्या वैलाकडे जाई आणि तेथें आमटी मंद उकळत राही. पुढें ओढलेल्या निखाऱ्यांवर भाकरी फुगे. एका जाळावर तीन कामें उरकत. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें जें उत्खनन केलें, त्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांच्या घरांतून चुली आढळल्या. इतकी जुनी सोबत एका पिढींत सुटली म्हणजे जिभेला चुकल्यासारखें व्हावें, हें स्वाभाविकच आहे.

सासूबाईंना मात्र यांतलें कांहींएक पटत नाहीं. त्या बोलतात थोडें, पण एके दिवशीं पोळपाट बाजूला सारून त्यांनीं स्पष्टच सांगितलें, “चव तुमच्या जिभेवर राहिली, धूर माझ्या डोळ्यांत गेला. चूल हवी असेल तर फुंकायला तुम्ही बसा.” मामंजी त्यावर गप्प राहिले.

सासूबाईंचें बोलणें रागाचें असलें तरी निराधार नव्हतें. घरांतील धुरापायीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि त्यांत पांच वर्षांखालील बालकें दोन लाखांहून अधिक होतीं. चुलीपाशीं बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचें मूल, या दोघांच्या वांट्याला हा धूर सर्वांत अधिक येतो. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनीं धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार केली. पुढें १९८३ पासून सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशीं सासूबाईंचीच तक्रार आहे.

मग चुलीबरोबर तिची चवही कायमची सोडून द्यावी काय? याचें उत्तर मला कामोठ्याच्या जुन्या गांवांत मिळालें. आमच्या इमारती आज जेथें उभ्या आहेत तेथें पूर्वीं शेतें होतीं. नवी मुंबईसाठीं ज्या ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, त्यांत कामोठें एक. पुढें जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला, पांच जणांनीं प्राण वेंचले, आणि त्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढें आली. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरावा, आणि थंडींत शेंगा भरल्या कीं बांधावर पोपटी लावावी, ही रायगड जिल्ह्याची जुनी रीत. शेतें गेलीं, पण आमचे आगरी शेजारी पोपटी लावावयाचे राहिले नाहींत.

गेल्या हिंवाळ्यांत त्यांनीं आम्हां सर्वांना बोलाविलें. आमच्यासाठीं मडकें निराळें, त्यांत वालाच्या शेंगा, बटाटे, रताळीं, ओवा व मीठ एवढेंच. तळाशीं भांबुर्ड्याचा पाला, तोंडाशींही तोच गच्च कोंबलेला; पाण्याचा थेंब नाहीं. मडकें जमिनीवर पालथें घालून भोंवतीं पेंढा व लांकडें पेटविलीं. शेंगांच्या अंगच्या ओलाव्याचीच वाफ होते, पालथ्या मडक्यांत ती कोंडून राहते, आणि जाड माती जाळाची धग हळूहळू आंत पोंचविते. येथें मडकें हीच भट्टी. अर्ध्या तासानें वरून पाणी शिंपडतांच चर्र आवाज होऊन तें उडून गेलें, तेव्हां पोपटी झाली असें ठरलें.

जाळ सारणें, डोळे चोळणें हें काम त्या संध्याकाळीं पुरुषांकडे होतें, आणि त्यांत मामंजीही होते. सासूबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्चीवर बसल्या होत्या. पहिल्या शेंगा मामंजींनीं स्वतः नेऊन त्यांच्या हातांत दिल्या. त्यांनीं दोन-चार सोलून खाल्ल्या आणि “चांगल्या झाल्या आहेत,” एवढेंच म्हटलें.

वाद अजून मिटला आहे असें नाहीं. भाकरीची तक्रार मामंजी अधूनमधून करतातच. पण त्या दिवसापासून एक नियम मात्र आमच्या घरीं ठरून गेला आहे: ज्याला चुलीची चव हवी असेल, त्यानें धुराचा वांटाही उचलावा.