कडेकडेने

मराठवाड्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाची समुद्राशी गाठ पडते ती आधी शब्दांतून. जनाबाई गंगाखेडची, नामदेवांचे नरसी हिंगोलीजवळ, रामदासांचे जांब शेजारच्या जालना जिल्ह्यात. आमच्या सेलूपासून ही सारी गावे एका दिवसात जाऊन येण्यासारखी. समुद्रापासून इतक्या दूरच्या या मुलखातल्या संतपरंपरेने संसाराला भवसागर म्हटले, नामाला नौका केले आणि माणसाला पैलतीराची ओढ लावली. आम्ही दोघे नवरा-बायको गेली वीसेक वर्षे सेलूत हेच शिकवत आलो आहोत. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. मग आम्ही निम्न दुधना प्रकल्पाच्या जलाशयाचा दाखला देतो आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी तो दाखलाही अंगाशी येतो.

एका संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करताना आमची भवसागरावर चर्चा चालली होती. ओसरीवर आई तूर निवडत बसल्या होत्या. आई म्हणजे आमच्यातल्या एकाची जन्मदात्री आणि दुसरीच्या सासूबाई. हाक मात्र दोघांचीही एकच. सुपातून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "काय रे मास्तरांनो, समुद्र काय नेहमी पलीकडे जायलाच असतो? पलीकडे कुणाला जायचं होतं? आम्ही कडेकडेनं जायचो. घरी."

आम्ही हसलो आणि तयारीला लागलो. ते वाक्य ऐकू यायला आम्हाला पुढे बरीच वर्षे लागली.

आईंचा जन्म १९४४ सालचा, गिरगावातल्या एका चाळीतला. वडील गिरणीत, मूळ घर दाभोळच्या खाडीकाठी. मे महिना आला की भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायचे. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, दशम्यांचे गाठोडे उशाशी घ्यायचे आणि भोंगा झाला की कानांवर हात ठेवायचे. बोट किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघे. डाव्या हाताची जमीन नजरेआड होत नसे. खांदेरी, कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग ही नावे आई पाढ्यासारखी क्रमाने म्हणत. त्यांच्यासाठी तो इतिहास नव्हता. एसटीच्या प्रवाशाला थांबे पाठ असतात तसे ते होते. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रातच उभी राही, पडाव येत, आणि पडावातून उतरलेल्या बायकापोरांना खलाशी खांद्यावर घेऊन कोरड्या वाळूत ठेवत. पुढे दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरांची माळ. पावसाळ्यात सारेच बंद.

१९६४ साली लग्न होऊन त्या सेलूला आल्या. मनमाडला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात बसल्या, तेव्हा खिडकीतून दिसणारी जमीन संपेचना म्हणून आपल्याला रडू आले, असे त्या सांगत. त्यानंतर त्या आगबोटीत कधी बसल्या नाहीत.

खांद्यावरून उतरवण्याची गोष्ट आम्हाला थोडी रंगवलेली वाटे. साहित्य शिकवणाऱ्या माणसांना ही एक खोड असते: छापलेल्या अतिशयोक्तीला आपण प्रतिमा म्हणतो आणि घरातल्या म्हातारीच्या आठवणीला अतिशयोक्ती.

त्यांनी आम्हाला दोनदा विचारले होते. पहिल्यांदा २००८ साली, "एकदा दाभोळला नेता का रे?" असे. तेव्हा उजळणी वर्ग होता आणि मुलीची शाळा होती. दुसऱ्यांदा २०१७ साली. तेव्हा उत्तरपत्रिका होत्या आणि त्यांचे गुडघेही होते. आम्ही त्यांच्या गुडघ्यांचेच कारण पुढे केले. ते कारण खोटे नव्हते, पण सोयीचे होते. २०२२ च्या हिवाळ्यात आई गेल्या.

पुढच्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. इटलीला जाऊन आला होता. भूमध्य समुद्रात, अमाल्फीच्या किनाऱ्याने, मोजक्या प्रवाशांच्या छोट्या जहाजातून केलेल्या सहलीची छायाचित्रे त्याने दाखवली. डोंगराला बिलगलेली घरे, रोज नवे गाव, रोज नवा धक्का. "सर, जमीन एकदाही दिसेनाशी होत नाही," तो म्हणाला, "मॅडम, असं काही आपल्याकडे नाही बघा." आम्ही एकमेकांकडे पाहिले. असे काही आमच्याच ओसरीवर तूर निवडत बसलेले होते, हे त्याला कसे सांगावे ते सुचेना.

तो गेल्यावर आम्ही नकाशा काढून बसलो. अमाल्फीपासून पाँपेई जवळच. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यातल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत आणि पाँपेईची ती मूर्ती भोकरदनच्या बाजूचीच असावी, असे काही अभ्यासक मानतात. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, येथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेत असल्याची नोंद आहे. म्हणजे आमचा मुलूख समुद्राला अगदीच अनोळखी नव्हता. बैलगाडीने का होईना, इथली माणसे समुद्राच्या वाटेला लागलेली होती. नंतर केव्हातरी आमच्याकडे त्याची फक्त प्रतिमा उरली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. आईंच्या वाटेने दाभोळला जायचे, जमेल तितके पाण्यातून, एवढेच ठरले होते.

भाऊचा धक्का एकोणिसाव्या शतकात बांधला तो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी; लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे आणि तिची बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे, हे कळल्यावर आम्हाला गंमत वाटली. आमच्या विद्यार्थ्याचा भूमध्य समुद्र आम्हाला न्यायला मुंबईपर्यंत आला होता म्हणायचा.

बोट सुटली आणि थोड्याच वेळात आम्ही गप्प झालो. याच पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अमावस्येच्या दिवशी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी कित्येकांना वाचवले. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. ज्यांच्या शब्दांच्या भरवशावर आमचे लोक भवसागरात उतरले, त्यांचीच नावे कोकणातल्या माणसांनी विश्वासाने आगबोटींना दिली होती. वर्गात हा विरोधाभास आम्ही चटकन फळ्यावर लिहिला असता. तिथे कठड्याला धरून उभे असताना तो शब्द मनात आल्याचीही लाज वाटली. आई त्या वेळी तीन वर्षांच्या होत्या. तरीही पुढच्या मे महिन्यांत त्यांचे घर आगबोटीनेच गावी जात राहिले. प्रतिमेला घाबरता येते. रस्त्याला घाबरून चालत नाही.

मांडव्यापासून पुढे मात्र आमचा बेत फसत गेला. किनाऱ्याने दक्षिणेकडे नेणारी बोट तेव्हा नव्हती. रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१८ साली मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाची सहलीची बोट निघाली, तीही फार काळ टिकली नाही. उरल्या होत्या त्या खाड्या ओलांडणाऱ्या फेरीबोटी, ज्यांना तिकडे जंगलजेटी म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे. मोटारी, दुचाक्या, शाळेची मुले, मासळीच्या पाट्या, सगळे एकत्र चढते आणि थोड्या वेळात पलीकडे उतरते. मोठा वळसा वाचतो; २००३ साली दाभोळची फेरी सुरू झाली तेव्हा तिकडच्या माणसाला केवढा आधार वाटला असेल! पण कडेकडेने जायला निघालेले आम्ही दर खाडीवर पैलतीरीच उतरत होतो. आईंचा समुद्र आता उरला नव्हता आणि आमचा, पुस्तकातला, जागोजागी तिकीट काढून मिळत होता.

हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालला होता. समोर सुवर्णदुर्ग. एका वृद्ध गृहस्थांना आम्ही भीतभीतच विचारले, आगबोटीतली माणसे इथे खरेच खांद्यावरून उतरवत का हो? ते आमच्याकडे नवलाने पाहत म्हणाले, "मग काय चालवत आणणार? माझ्या बापाने आणलीत की शेकड्यांनी." आणि त्यांनी आपल्याच खांद्यावर थाप मारली. आम्ही त्यांचे आभार मानले. क्षमा जिची मागायची होती ती तिथे नव्हती.

दाभोळला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. वाशिष्ठीच्या त्या खाडीत कोयनेचे पाणीही येते. वीज केल्यावर ते सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडतात. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी इथे समुद्राला मिळते, हे दुधनाकाठच्या माणसाला सुखाने बघवत नाही. आईंचे घर सापडले नाही. सांगण्यासारखे कुणी उरले नव्हते, आणि नीट विचारून ठेवायला हवे होते तेव्हा आम्ही विचारले नव्हते. जंगलजेटीने धोपाव्याला गेलो, त्याच फेरीने परत आलो, आणि पुन्हा गेलो. तिकीट देणारा मुलगा म्हणाला, "काही राहिलं का तिकडं?" आम्ही नुसती मान हलवली.

सेलूला परतल्यावर यंदाच्या वर्गात भवसागराचा अभंग आला तेव्हा आईंचे वाक्य आम्ही मुलांना सांगितले. मागच्या बाकावरची, वालूरहून येणारी एक मुलगी उठली. "पण सर, कडेकडेनंच जात राहिलं तर पलीकडं कधी पोचायचं?" तास संपल्याची घंटा झाली होती. उद्या सांगतो, म्हणालो.