जुना दस्ता

आजोबांच्या बारा बोर बंदुकीचा दस्ता मुठीजवळ तडकला. तयार दस्ता कुठेच मिळेना. शेवटी नागपूरला परवानाधारक कारागिराकडे गेलो. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्याने माझा हात कोपरात वाकवून चापापर्यंतचं माप घेतलं, अक्रोडाचा ठोकळा दाखवला. मुठीपाशी लाकडाच्या रेषा सरळ हव्यात. तिरप्या असल्या की तिथेच फूट पडते.

गावी करडीला परतल्यावर जुना दस्ता मांडीवर घेऊन बसून राहिलो. गाल टेकायची जागा झिजून काळी, गुळगुळीत झालेली. रानडुकरांपासून धान राखताना जागलेल्या कितीतरी रात्री तिथे मुरल्यात. नवा दस्ता माझ्या मापाचा होईल. मग ही जागा कुणाची?

जुना दस्ता कोनाड्यात ठेवलाय.