उमऱ्याच्या वाटेवरचा काळा दगड

येत्या दिवाळीच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह, आम्ही पाच जण उमऱ्याला जाणार आहोत: सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. तयारी सुरू झाली आणि घरात वादही सुरू झाला. मुलांना परदेशातले डोंगर-दऱ्या पाहायच्या आहेत. अल्माटी आणि जॉर्जिया त्यांच्या मोबाइलवर रोज दिसतात. सासूबाई म्हणतात, "अल्लाहच्या घरी पहिल्यांदा चाललोय, त्यात सैरसपाटा कसला?" दोन्ही बाजू मला पटतात. पण शिक्षकाच्या पगारात दोन परदेशवाऱ्या बसत नाहीत. म्हणून मी नकाशा घेऊन बसले, तर मुलांना हवं होतं ते बरंचसं उमऱ्याच्या वाटेवरच निघालं.

आमच्या नशिराबादला काळ्या दगडाचं अप्रूप नाही. विहीर खणा, घराचा पाया खोदा, तोच लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. आपल्या केळीची आणि कापसाची काळी माती त्याचीच. साकेगावजवळून तापीकडे जाणाऱ्या वाघूर नदीने वर अजिंठ्याला जो घोड्याच्या नालेसारखा कडा कोरला, तोही याच दगडाचा.

मदीना शरीफच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असेच काळे पठार आहेत. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. सीरतच्या पुस्तकांत हा शब्द आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, पण तो बेसाल्ट आहे हे सहसा कोणी सांगत नाही. गावातल्या उमऱ्याहून आलेल्या बायकांना मी मुद्दाम विचारलं. हॉटेल हरमपासून किती लांब होतं, अजवा खजूर काय भावाने मिळाली, सगळं त्यांना पाठ. काळा दगड एकीलाही आठवेना. बसमध्ये झोप लागली असेल म्हणा!

आपला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला, तिकडचा मात्र अगदी अलीकडचा. हिजरी 654, म्हणजे इ. स. 1256 मध्ये मदीनेच्या आग्नेयेला जमीन फाटली आणि 52 दिवस लाव्हा वाहत राहिला. 23 किलोमीटर येऊन तो शहराच्या अलीकडे थांबला. त्या काळात हयात असलेल्या इमाम नववींनी या आगीची नोंद करून ठेवली आहे. हिजाझमधून निघणाऱ्या आगीबद्दलची जी हदीस आहे, ती अनेक उलमांनी याच घटनेशी जोडली.

मुलांचा खरा डोळा आहे अल-वाहबावर. ताइफपासून साधारण 250 किलोमीटरवर, वाळवंटात अचानक जमीन खचल्यासारखं एक विवर आहे. रुंदी सुमारे 2 किलोमीटर, खोली 250 मीटर, आणि तळाशी क्षारांचा पांढराशुभ्र थर. हे ऐकताच मला लोणार आठवलं. तेही काळ्या दगडातलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. पण दोघांची कहाणी अगदी उलटी आहे. लोणार ज्वालामुखीचं आहे असं लोक बराच काळ मानत होते. 1970च्या दशकातल्या अभ्यासाने ते उल्कापाताचं ठरलं. अल-वाहबा उल्केमुळे झालं असं एकेकाळी मानलं जाई, निघालं ज्वालामुखीचं. तापलेला शिलारस जमिनीखालच्या पाण्याला भिडला, वाफ कोंडली आणि स्फोट झाला. लोककथा मात्र दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे लवणासुराची, तिकडे दुसऱ्या डोंगराच्या ओढीने जागेवरून उठून गेलेल्या डोंगराची.

आता हिशेब. हरममधला एकही दिवस कमी करायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. दोन दिवस वाढवायचे. मक्केहून ताइफ सुमारे 90 किलोमीटर. हदाचा घाटरस्ता वळणावळणाने चढतो, वाटेत माकडांच्या टोळ्या असतात, आणि वर अठराशे मीटरवर हवा गार. तिथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गाडीने वाहबा आणि संध्याकाळी परत. तळापर्यंत उतरणं सोपं, चढून येताना दम निघतो. बुरख्यात आणि साध्या चपलांत तो विचार कोणी करू नये. बूट हवेत, पाणी भरपूर हवं. मी काठावरूनच पाहणार आहे.

उमरा व्हिसावर सौदीतल्या इतर शहरांत जाता येतं, पण नियम बदलत असतात आणि गटाची बस कुणासाठी थांबत नाही. एजंटकडून जास्तीचे दोन दिवस आधीच लेखी घ्यावेत. नोकरदारांनी परदेशी जाण्याची परवानगीही वेळेवर मागावी. तो कागद टेबलाटेबलावर मुक्काम करत येतो.

सासूबाईंचा होकार मला नकाशाने मिळाला नाही, मसल्याने मिळाला. ताइफ मीकातच्या बाहेर आहे. आपल्या हनफी मसलकाप्रमाणे तिथून मक्केत परतताना एहराम बांधावा लागतो आणि उमरा करावा लागतो. मशिदीच्या इमामसाहेबांनाही विचारून घेतलं. म्हणजे त्या दोन दिवसांच्या शेवटी दुसरा उमरा! हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "ताइफ म्हणजे तेच ना, जिथे हुजूरांवर (सल्ल.) दगड मारले?" मी हो म्हटलं. "मग मी येते."

पुढच्या रविवारी मुलांना लोणार दाखवून आणणार आहोत. ते पाहिल्याशिवाय वाहबा कळणार नाही. सासूबाईंचे गुडघे उतरायचे नाहीत, पण वाहबाच्या काठापर्यंत डांबरी रस्ता जातो, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. सामानाच्या वजनात आम्ही एक घडीची खुर्ची धरली आहे.