७२ हजार श्रोते आणि एकटी गिटारवाली

रॉक संगीत म्हटले की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. नुसता गोंगाट, श्रीमंतांच्या पोरांचे चोचले, असा एक समज आहे. आम्ही मात्र या संगीताचे जुने भोक्ते आहोत. दिवसभर ऑफिसात खातेवहीत डोके घातल्यावर रात्री आम्हाला तेच लागते. म्हणून ज्या एका कार्यक्रमाने आम्हाला कायमचे बांधून ठेवले, त्याविषयी वाचक बंधुभगिनींना चार शब्द सांगावेसे वाटतात. तो झाला तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. पण त्याचे चित्रण आज मोबाईलवर पाहता येते आणि आम्ही ते किती वेळा पाहिले याची गणती नाही.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये हा कार्यक्रम झाला. निमित्त होते नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचे. परंतु ज्यांचा वाढदिवस, ते स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात होते. १९६२ साली अटक झाल्यापासून त्यांचे सव्वीसावे वर्ष गजाआड चालले होते. काळ्यांना माणूस न मानणाऱ्या त्या राजवटीविरुद्ध जगाला जागे करावे, हा कार्यक्रमाचा हेतू होता. मैदानात सुमारे ७२ हजार श्रोते होते आणि साठाहून अधिक देशांत दूरदर्शनवरून प्रक्षेपण झाले. स्टिंग, व्हिटनी ह्यूस्टन, डायर स्ट्रेट्स अशी बडी नावे होती. वर्णभेदामुळे मायदेशाला पारखे झालेले मिरियम मकेबा व ह्यू मासेकेला हे दक्षिण आफ्रिकेचे कलावंतही होते.

या दिग्गजांच्या गर्दीत ट्रेसी चॅपमन नावाची २४ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी होती. तिची पहिली रेकॉर्ड निघून जेमतेम दोन महिने झाले होते. दुपारी तिने काही गाणी म्हटली. त्यातले एक तर कोणत्याही वाद्याविना होते. रात्री शेजारच्या घरात बाईला मारहाण होते, भिंतीतून किंकाळ्या ऐकू येतात आणि पोलीस येतात ते उशिरा, असा त्याचा आशय आहे. चाळीत राहिलेल्या माणसाला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही!

तिचे काम तेवढ्यावर संपले होते. पण संध्याकाळी भलताच पेच उभा राहिला. पुढचा मान स्टीव्ही वंडर या थोर अंध कलावंताचा होता. १९८५ साली त्यांनी आपला ऑस्कर पुरस्कार मंडेलांच्या नावे स्वीकारला, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या नभोवाणीने त्यांच्या गाण्यांवर बंदी घातली होती. अशा माणसाच्या वाद्ययंत्राची हार्ड डिस्कच ऐन वेळी गहाळ झाली. सगळे संगीत त्यात साठवलेले होते. त्यांना मंचावर येता येईना. प्रक्षेपण तर चालू! आयोजकांनी ट्रेसीला पुन्हा उभे केले. तिला ना मोठा वाद्यवृंद लागत होता, ना यंत्रांची मांडामांड. एक गिटार, एक माईक आणि गळा, एवढ्यावर ती गायली.

तिने म्हटलेले ‘फास्ट कार’ हे गाणे एका गरीब मुलीचे मनोगत आहे. बाप दारूत बुडालेला, आई घर सोडून गेलेली, बापाला सांभाळण्यासाठी मुलीने शाळा सोडलेली. ती दुकानात राबते, पैसे साठवते आणि जोडीदाराच्या गाडीतून या जिण्यापासून दूर जाण्याचे स्वप्न पाहते. पुढे तोही बापाच्याच वाटेने जातो. गाण्यात कोठे आरडाओरड नाही की घोषणा नाही. आम्हाला विशेष वाटते ते हेच. जगभराचे डोळे लागलेले असताना एका दुकानात राबणाऱ्या मुलीची कहाणी सांगितली गेली आणि ती कोणालाही क्षुल्लक वाटली नाही. स्टीव्ही वंडरही नंतर दुसऱ्यांची वाद्ये मागून घेऊन गायले. त्यांनाही आमचा सलाम आहे.

ट्रेसी ही क्लीव्हलँड शहरातली. आई-वडील विभक्त झाल्यावर आईने एकटीने मुलींना वाढवले. तंगीतही त्या माउलीने ट्रेसी तीन वर्षांची असताना तिला गिटारसारखे एक छोटे वाद्य आणून दिले. पुढे शिष्यवृत्तीवर ती शिकली, पदवीधर झाली, रस्त्यावर उभी राहून गायली. वेम्बलीनंतर तिची रेकॉर्ड इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला मानवी हक्कांच्या कार्यक्रमात ती दिल्लीतही गायली. २०२३ साली याच गाण्यासाठी कंट्री संगीताचा ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार ठरली. आणि मंडेला? ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते सुटले व १६ एप्रिलला त्याच वेम्बलीत स्वतः आभार मानायला उभे राहिले.

आमच्या वस्तीतील रात्रीच्या अभ्यासवर्गात आम्ही हे चित्रण दाखवले आणि गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. पोरे गप्प बसली. घरच्या ओढाताणीमुळे अकरावीनंतर शिक्षण सोडून मॉलच्या काउंटरवर उभी राहणारी एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, “दादा, हिला आमच्या घरातलं कसं काय माहीत?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आठ दिवसांनी तिनेच विचारले, “बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो?” फॉर्म भरला आहे. कामावरून आल्यावर ती अभ्यासाला बसते. पुढचे तिच्या कष्टावर आहे, आणि थोडे आपल्यावरही.

वाचकहो, आपल्याही घरात एखादी मुलगी गुणगुणत असेल, वहीच्या मागच्या पानावर काही खरडत असेल. तिला दटावण्यापूर्वी ते एकदा ऐकून घ्यावे. वेळ कोणावर, केव्हा, कशी येईल सांगता येत नाही. त्या वेळी उसनी यंत्रसामग्री दगा देऊ शकते. स्वतःच्या कष्टाने कमावलेला शब्द आणि सूर मात्र आपल्याजवळच असतो.