परक्या गांवींचें बिऱ्हाड

परदेशीं जातांना सामानांत काय न्यावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तेथें पोंचल्यावर मन कोठें ठेवावें, हें सांगणारा विरळाच. द्रोणागिरीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हां लोकांना परदेश अगदींच अपरिचित नाहीं. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून देशोदेशींच्या मालाच्या पेट्या आमच्या वाटेवरून जात आहेत. परंतु पेटी कोणत्याहि धक्क्यावर उतरली तरी ती पेटीच राहते. माणसाचें तसें नाहीं. सुनेच्या बाळंतपणासाठीं फिलाडेल्फियास सहा महिने राहावें लागलें, तेव्हां याचा मला चांगला अनुभव आला.

पहिला पंधरवडा पाहुणचारांत गेला. चिरंजीवांनीं शहर दाखविलें. तडा गेलेली ती प्रसिद्ध स्वातंत्र्यघंटा पाहिली, डेलावेअर नदीचा कांठ पाहिला. परंतु घरीं परतलें कीं मी खिडकीशीं बसून इकडचेंच घड्याळ मोजीत असें. तेथें रात्र पडे, आणि मी म्हणें, आतां आपल्याकडे दूध आलें असेल, आतां पूजा आटोपली असेल.

तिसऱ्या आठवड्यांत सूनबाई म्हणाली, “आई, आजपासून सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. डबे तुम्हांला हवे तसे लावा.” आणि घराची एक किल्ली तिनें माझ्या हातीं दिली. त्या दिवसापासून कोथिंबीर आणावयास मी एकटी जाऊं लागलें. एकदां दोन दिवस खंड पडला, तेव्हां भाजीवाल्यानें “काल कां आलां नाहींत?” म्हणून विचारलें. आपली वाट पाहणारें कोणी तरी या शहरांत आहे, हें कळलें, आणि खिडकीशीं बसणें आपोआप सुटलें.

याच शहरांत आनंदीबाई जोशी वैद्यक शिकल्या. १८८३ च्या जूनमध्यें त्या अमेरिकेस उतरल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा होतें. प्रथम न्यू जर्सींतील रोझेल येथें त्या कार्पेंटरबाईंकडे राहिल्या. केवळ पत्रांतून जुळलेल्या या बाईंना त्या मावशी मानीत. पुढें फिलाडेल्फियांत शिकूं लागल्यावर थंडी, शेगडीचा धूर आणि आपलें अन्न आपणच शिजविण्याचा खटाटोप यांनीं त्यांना फार जाच झाला. धैर्य दोन्हीं ठिकाणीं तेंच होतें. उणें होतें तें घरच्या माणसाचें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या अस्थि न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत विसावल्या आहेत. परक्या भूमींत याहून अधिक घरचें स्थान तें कोणतें?

आपल्याहि घरांत परगांवचीं माणसें येतात. सून येते, शिकावयास भाचा येतो. कौतुकानें आपण त्यांना पाटावर बसवितों, आग्रह करकरून वाढतों, आणि महिना लोटला तरी पाटावरून उठूं देत नाहीं. ज्याच्यावांचून घराचें कांहींच अडत नाहीं, त्याला तें घर आपलें वाटावें कसें? पाहुणचार चार दिवस पुरे. पांचव्या दिवशीं नव्या माणसाच्या हातीं एखादें नेमाचें काम आणि दाराची किल्ली द्यावी.